पाडव्याचा ग्रीक राजा

मी मुखवटा बोलतोय. राजाचा मुखवटा, तोही ग्रीक राजाचा. माझ्या लांब नाकाला आणि उघड्या तोंडाला आजवर खूप जण हसले, तुम्हीही हसून घ्या. पण ऐकायचं तर पूर्ण ऐका. अर्धवट ऐकणाऱ्यांचा मला राग येतो.

माझा जन्म २००८ च्या ऑगस्टमधला, शारजाच्या रोल्ला भागात, नाटकांचे मुखवटे-कपडे बनवणाऱ्या प्रमिलाताईंच्या स्वयंपाकघरात. तेव्हा वर्तमानपत्राबरोबर टॉवर आणि व्हिलांच्या जाहिरातींच्या जाडजूड पुरवण्या यायच्या. ताईंनी त्याच भिजवल्या, मैद्याच्या खळीत कुस्करल्या आणि पालथ्या पातेल्यावर थापून मला घडवलं. माझ्या डाव्या गालात एक अख्खं गोल्फ कोर्स आहे. सोनेरी रंगाची डबी आणताना मात्र ताईंचा जीव वरखाली झाला. "पस्तीस दिरहाम! म्हणजे चारशे रुपये झाले की एका डबीचे," त्या सारख्या म्हणत होत्या.

मला घडवून घेतलं सूर्यकांत सरांनी. दिवसा ते विमा कंपनीत कारकुनी करायचे आणि शुक्रवारी दुबईच्या मराठी मंडळाची नाटकं बसवायचे. ग्रीक नाटकांचं त्यांना वेड होतं. ते तालमीत सांगायचे, "तिथे खलनायक लागत नाही. नायक चांगला असतो, शूर असतो, आणि त्याची एकच खोड त्याला बुडवते. सगळ्या प्रेक्षकांना ती दिसते, फक्त त्याला दिसत नाही."

त्या धर्तीवर सरांनी स्वतःच नाटक लिहिलं. समुद्रकाठचं शहर, शत्रू येणार अशी वार्ता. राजा कुणालाही न विचारता बायकामुलांना नावांत बसवून दूर पाठवतो. वादळात नावा बुडतात आणि राजा चालत समुद्रात शिरतो. शहरातल्या बायकांचा एक वृंद सतत त्याला विनवत असतो, पण राजा ऐकेल तर तो राजा कसला!

राजा झाला चंद्रशेखर. दुबईत अल बर्शाला राहायचा, टॉवर बांधणाऱ्या कंपनीत साइट मॅनेजर होता. मला चेहऱ्यावर चढवलं की त्याचा आवाज असा घुमायचा की मला माझ्या कागदाचा अभिमान वाटायचा. वृंदाची प्रमुख होती त्याची बायको विद्युल्लता. चंद्रशेखर गर्विष्ठ होता का? होता. मला तो त्यासाठीच आवडायचा. मान खाली घालून चालणाऱ्याच्या तोंडावर मुखवटा नीट बसतच नाही.

नोव्हेंबरपासून मंदीने क्रेन थांबायला लागल्या. आज एकाची नोकरी गेली, उद्या दुसऱ्याची. तालमीला येणारे कमी झाले आणि एक वाक्य पुन्हापुन्हा कानावर यायला लागलं, "फॅमिली पाठवली." म्हणजे बायकामुलांना इंडियाला धाडलं आणि स्वतः बॅचलर रूममध्ये एक पलंग घेतला. कुणी हे सांगताना रडायचं नाही. "नशीब, दुसरं काय," असं म्हणून चहा प्यायचे.

फेब्रुवारीत मंडळाचे अध्यक्ष बाबाजी तालीम बघायला आले. नाटक पाडव्याच्या कार्यक्रमात होतं. शेवट बघून त्यांचा चेहराच उतरला. "सर, पाडव्याला राजा जीव देतो? लोक आधीच टेन्शनमध्ये आहेत. नावा परत आणा. राजा नियतीची माफी मागेल, सगळे हात जोडतील, खलास. मग श्रीखंड-पुरी."

सरांनी वाद घातला. पण हॉल मंडळाच्या नावावर होता. शेवटी वृंदाला नवं वाक्य मिळालं, "राजा, नियतीपुढे मान झुकव." आणि राजाला मिळालं, "हे नियती, मला क्षमा कर." मी संतापलो. अडीच हजार वर्षांत माझ्या खानदानातला एकही राजा शिकवलेली माफी मागून घरी जेवायला गेला नसेल!

मार्चमध्ये चंद्रशेखरचा पगार निम्मा झाला आणि कंपनीचा फ्लॅट सोडायची नोटीस आली. हे त्याने घरी सांगितलं नाही. मला मात्र माहीत होतं, कारण तालमींच्या काळात मी त्याच्याच घरी असायचो आणि एके दिवशी त्याने माझा खोका उघडला, माझ्याखाली दोन कागद सरकवले आणि झाकण लावलं. ती विमानाची तिकिटं होती. मुंबई, एकतिसाव्या तारखेची, फक्त जाण्याची. एकावर विद्युल्लता, दुसऱ्यावर मुलगी इशिता.

पाडव्याच्या सकाळी बाल्कनीत गुढी उभी राहिली. चंद्रशेखर दिव्यांची व्यवस्था बघायला हॉलवर गेला. विद्युल्लताने माझं सैल झालेलं इलॅस्टिक शिवायला खोका उघडला आणि तिच्या हाती ते कागद लागले. तिने दोन्हींवरची नावं वाचली. इशिता खांद्यावरून डोकावली.

"मम्मा, व्हेअर इज बाबाज् टिकेट?"

"तेच मला विचारायचंय," विद्युल्लता म्हणाली. मग तिने सुई ओवली आणि माझं इलॅस्टिक इतकं घट्ट शिवलं की मी आजही त्या टाक्यांवर उभा आहे.

संध्याकाळी नटराजाच्या पूजेत मलाही हळदकुंकू लागलं. तिसरी घंटा झाली. नाटक छान रंगलं. शेवटचा प्रवेश आला, वृंद पुढे सरकला आणि विद्युल्लता माझ्यासमोर उभी राहिली. आता मान झुकवायचं वाक्य येणार, म्हणून मी दात खाऊन वाट बघत होतो.

"राजा," ती म्हणाली, "आम्हाला नावेत बसवायचं तू ठरवलंस. आम्हाला विचारलंस का?"

विंगेत सरांची पानं उलटण्याची घाई ऐकू आली. हे वाक्य नाटकात नव्हतं. लग्नाला तेरा वर्षं झाली होती आणि घरात ती त्याला अहो-जाहो करायची.

"तुझ्या मुलीला विचारलंस का?"

नाटकातल्या राजाला मुलगीच नव्हती. चंद्रशेखरच्या आसवांनी माझा गाल आतून ओला झाला. पुढचं वाक्य क्षमेचं होतं. ते त्याच्या ओठांपर्यंत आलं, मला कळलं. मी मनात ओरडलो, नको, तसलं नको!

"नाही विचारलं," तो म्हणाला. "मी पडलेला तुम्हाला दिसू नये म्हणून."

"आम्ही आंधळ्या आहोत का?"

"आता विचारतो. जाशील, विद्या?"

"नाही."

"एका खोलीत राहावं लागेल."

"राहीन. तू ताठ चाल, मला चालेल. पण आमचं ठरवताना आम्हाला बरोबर घे."

पहिल्या रांगेतून बाबाजी ओरडले, "अहो, माफी राहिली!" तेवढ्यात सरांनी पडदा पाडला. टाळ्या वाजत राहिल्या. ते संवाद सरांनीच लिहिले, असं कित्येकांना अजूनही वाटतं. सर ते नाकारतही नाहीत.

तिकिटं रद्द झाली. तिघं अल मनखूलमध्ये एका खोलीत राहायला गेले. स्वयंपाकघर हमीदा नावाच्या बाईंच्या कुटुंबाबरोबर अर्धं. विद्युल्लता एका नर्सरीत शिकवायला लागली. भांडणं झाली, पाण्याची बादली आपटली गेली, इशिता दोनदा रुसली. भिंतीवर टांगलेला मी सगळं बघत होतो. दीड वर्षाने कंपनी बंद पडली आणि चंद्रशेखरची नोकरी गेली. तिघं एकाच विमानाने इंडियाला परतले. जाताना चंद्रशेखर मला सरांकडे ठेवायला आला.

"शेवटी नशिबाने गाठलंच," सर हळहळले.

"नोकरीला गाठलं, सर," चंद्रशेखर म्हणाला. "जायचं आम्ही तिघांनी ठरवलं."

नियती असते, हे मी मानतो. माझ्या अंगातले निम्मे टॉवर कधी उभेच राहिले नाहीत, मी कसं नाकारणार? पण माणसं स्वतः घेतलेल्या निर्णयावरही नियतीचं नाव चिकटवतात, तिथे माझं डोकं फिरतं.

आता मी सरांच्या माळ्यावर आहे. रंग उडालाय, नाकाला पोपडे आलेत. सरांची सून शुभ्रा परवा खालून म्हणाली, "बाबा, तो मास्क टाकून देऊ या का?"

टाका की! मी घाबरत नाही. कागदाचा आहे, कागदासारखा जाईन. पण शुभ्राबाई, ते ठरवण्याआधी माळ्यावर चढा, माझ्या डोळ्यांसमोर उभ्या राहा आणि मला विचारा.