गोदामामागचा भुंगेरा

सासूबाईंनी वर्तमानपत्रातलं कात्रण फ्रिजवर लावलं, तेही थोरल्या सुनेच्या नाकासमोर. फोटोत धाकटी सून चिमट्यात लांब मिशांचा भुंगेरा धरून हसत होती. खाली छापलं होतं: परदेशी भुंगेऱ्याची शहरात पहिलीच नोंद.

"आपल्या घरातलं कुणी पेपरात यायची ही पहिलीच वेळ हो!" सासूबाई म्हणाल्या.

थोरलीच्या पोटात दुखलं, आणि या पोटदुखीवर औषध नसतं. उद्यान खात्यात एकोणीस वर्षं ती किडे पकडायला झाडांवर टांगलेली पिवळी चिकट कार्डं तपासत होती. धाकटीला तिथे लावून दिलं तेही तिनेच. आणि दोन महिन्यांत ही बया पेपरात!

खरी ठसठस वेगळीच होती. हाच भुंगेरा गेल्या वर्षी तिच्याही कार्डावर चिकटला होता, गोदामामागे. परदेशी मालाच्या लाकडी खोक्यांतून असले पाहुणे यायचेच. पुस्तकात लिहिलं होतं, इथल्या थंडीत त्याच्या अळ्या मरतात. तिने कार्ड कचऱ्यात टाकलं. पुस्तक जुनं होतं. तशी थंडी हल्ली पडतच नव्हती.

दुपारी कार्यालयात साहेबांनी नकाशा पसरला. धाकटीने तिला भुंगेरा सापडलेल्या बागेभोवती ऐटीत लाल गोल काढला. सोमवारपासून गोलातली झाडं तोडायची, म्हणजे कीड तिथेच संपेल.

गोदाम गोलाच्या पार बाहेर होतं. गप्प बसलं तर झाडं जातील, भुंगेरा राहील आणि जावेची फजिती आपोआप होईल. हा विचार थोरलीने लिमलेटच्या गोळीसारखा जरा वेळ चघळला. पण त्या गोलात चारशे झाडं होती, आणि त्यांतल्या एकेकाच्या खोडी तिला पाठ होत्या.

"गोल चुकलाय," ती म्हणाली.

"जाऊबाई, आता गोलातही खोट काढणार का?"

"गेल्या वर्षी गोदामामागे मला सापडला होता. मी फेकून दिला."

साहेबांनी चष्मा काढला. "लेखी द्यावं लागेल, बाई."

"देते की."

"म्हणजे पहिल्या तुम्हीच?" धाकटीचा चेहरा एवढासा झाला. ते पाहून थोरलीला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाजही वाटली.

सोमवारची तोड थांबली. दोघी गोदामामागे गेल्या. खोडात भुंगेरे पोखरून बाहेर पडल्याची, बोट जाईल एवढी गोल भोकं होती. शेजारच्या झाडात होती, त्याच्या पुढच्यातही, पार रस्त्यापर्यंत.

"घ्या," धाकटीने वही पुढे केली. "ही सगळी तुमच्याच नावावर."

थोरलीने वही घेऊन पहिल्या झाडाचा नंबर लिहिला.