परभणीला जायच्या दिवशीची गोळी

सोनपेठच्या स्टँडवर एस.टी. लागली तसे हे नळावर गेले, खिशातून पुडी काढली आणि गोळी तोंडात टाकली. बाळाला खांद्यावर घेऊन मी बघत होते. महिनाभरात घरी त्यांना गोळी घेताना मी एकदाही पाहिलं नव्हतं.

यांना ब्लडप्रेशर आहे हे कळालं तेव्हा वय एकतीस. मामंजी याच दुखण्यानं अर्धांग होऊन खाटेवर गेले होते.

बसमध्ये विचारलं तर हसले. शाळेत साहेब येणार म्हटलं की आदल्या दिवशी वर्ग सारवून घेतात, तसंच हे, म्हणाले. डोकं दुखत नाही, चक्कर येत नाही, मग रोज कशाला? रोज गोळी खाणारा माणूस गावाच्या लेखी कामातून गेलेला.

परभणीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी दंडाला पट्टा बांधला, पारा बघितला. "छान, गुरुजी. आटोक्यात आहे. आता गोळी अर्धी करू."

मला राहवलं नाही. "डॉक्टरसाहेब, हे फक्त इथं यायच्या दिवशी गोळी घेतात."

बाकावरची म्हातारी खुदकन हसली. "म्या तर आज दोन खाल्ल्या, बाई. पारा खाली दिसावा म्हनून."

डॉक्टर चिडले असते तर बरं वाटलं असतं. ते नुसते थकल्यासारखे म्हणाले, "निम्मे असंच करतात. बाकीचे पडल्यावरच येतात." आणि गोळी आधीसारखीच लिहून दिली.

घरी येताच यांनी आत्याबाईंना, आपल्या आईला, सांगितलं, हिनं चारचौघांत माझी इज्जत काढली. मामंजींची खाट सोसलेल्या आत्याबाई मला म्हणाल्या, "नवऱ्याचं दुखणं असं बाहेर मांडत न्हाईत, माय."

पुढच्या महिन्यात मी पिशवी भरली, तर यांना शाळेतून सुट्टी नव्हती. त्याच्या पुढच्या महिन्यात विद्यापीठाच्या नामांतरावरून एस.ट्या बंद राहिल्या, तेव्हा तर यांना बरंच झालं. मग मी विचारायचं सोडलं. महिन्याला एक गोळी पोटात जायची, तीही माझ्या बोलण्यानं बंद झाली.

घरात गोळ्यांना तोटा नाही, न घेतलेल्या साचल्यात. रोज सकाळी चहाच्या कपाशेजारी मी एक ठेवते. हे चहा पितात. मी गोळी उचलून परत डबीत टाकते आणि शाळेला निघालेल्या यांना गल्लीच्या टोकापर्यंत बघत राहते.