सल्लागार मंडळातून कोण उठणार?

"सल्ला द्यायचा? नुसता सल्ला? मग मी काय रेडिओ आहे का?" रिटायर सुभेदार सुधाकरांनी उभं राहून टेबलावर असा हात आपटला की एडवर्डचा अर्धा चहा बशीत आला.

वसईच्या माजी सैनिक सल्लागार मंडळाची मीटिंग चालू होती. पालघरच्या सैनिक कल्याण ऑफिसातून आलेल्या क्षितिजा मॅडमनी आत्ताच सरकारचा नवा नियम वाचून दाखवला होता. इतकी वर्षं मंडळ चिठ्ठी द्यायचं आणि वालीवच्या कारखान्यात कोणीतरी रिटायर फौजी वॉचमन म्हणून चिकटायचा. आता चिठ्ठी बंद. मंडळाने सल्ला द्यायचा, तो ऐकायचा की नाही ते ऑफिस बघणार. वर आणि चौघांतल्या एकाने उठायचं, त्या जागी जवानाची विधवा बसणार. ती मनोरमाबाई दारापाशी छत्री मांडीवर घेऊन तयारच होती.

सुभेदारांचं डोकं उगाच सटकलं नव्हतं. घरी टीव्हीचा रिमोट सुनेकडे, पिंकीकडे. बातम्या लाव म्हटलं की ती म्हणणार, "पप्पा, मोबाईलवर बघा ना." खाली सोसायटीचा वॉचमनही त्यांना भीक घालत नव्हता. अख्ख्या वसई-विरारमध्ये त्यांचं कोणी ऐकत असेल तर ते याच खोलीत, याच डुगडुगत्या खुर्चीत. ती गेली की खेळ खल्लास.

"एडवर्ड, तू सोड. तुझ्या गिरीजच्या वाडीतल्या केळी कोण बघणार?"

"केळी बायको बघते. तिच्यापासून लांब राहायलाच तर मी इथे येतो."

"प्लासिड, तू?"

प्लासिडने कानातलं मशीन काढून खिशात टाकलं.

"माझ्याकडे बघू नका," विद्याधर म्हणाला. "गास गावातून दोन रिक्षा बदलून येतो मी. माझा त्याग तिथेच होतो."

मग सुभेदारांनी दाराकडे बोट केलं. "आणि या बाईला काय कळतंय? बंदूक तरी बघितलीय का हिने?"

मनोरमाबाई उठली. "बंदूक नाय बगली. पन माजा नवरा ड्रिलचा उस्ताद होता. मैदानाला लागून क्वार्टर. रोज पानी भरताना त्याचीच बोंब कानात. तुमी लोक कोनाचं ऐकता ते बरोबर म्हाईत हाय मला."

"मी कोणाच्या बापाचं ऐकत नाही!"

क्षितिजा मॅडमनी कपाळ चोळलं. "जो कोणी जागा सोडणार असेल, त्याने पुढे या. प्लीज."

कोणी हललं नाही.

मनोरमाबाईने छत्री काखेत मारली, मान ताठ केली आणि काचा थरथरतील असा आवाज लावला. "सुभेदार सुधाकर! साऽऽवधान! एक कदम आगे... मार्च!"

सुभेदारांच्या टाचा खाडकन जुळल्या. पाय वर गेला आणि धाडकन पुढे पडला. डोक्याला कोणी विचारलंच नाही.

एडवर्डच्या नाकातून चहा आला. विद्याधर टेबलाखाली काहीतरी शोधायला वाकला तो वर येईचना.

"काका, चुकून झालं ना?" मॅडम हळूच म्हणाल्या. "मागे जा. मी काही बघितलं नाही."

सुभेदारांनी विचार केला. मागे जायचं म्हणजे कबूल करायचं, की बाईने ओरडून सांगितलं आणि सुभेदार टुणकन उडाला. मग एडवर्ड ते गिरीजभर करणार, प्लासिड रविवारी मिसा सुटल्यावर चर्चच्या अंगणात करणार, आणि फिरत फिरत ते पिंकीपर्यंत येणार. त्यापेक्षा खुर्ची गेलेली परवडली.

"चुकून?" त्यांनी छाती काढली. "फौजीचं पाऊल चुकून पडत नाही. मी सोडली जागा. माझ्या मर्जीने."

मनोरमाबाई लगेच त्या खुर्चीत जाऊन बसली, तिने डावी-उजवीकडे हलून बघितलं. "डुगडुगते ही. साहेब, काय करू, सांगा."

"पायाखाली पुठ्ठा घाल," सुभेदार समोरच्या भिंतीला म्हणाले.

"घालते. पन तुमी असे खांबासारके का उभे? विश्राम!"

दोन्ही पाय आपोआप सैल पडले. एडवर्ड परत फुटला.

"मला आता निघायला पाहिजे," सुभेदार म्हणाले.