सकाळची उंची

सुताराने फळी पलंगाला भिडवली आणि लेकीला चादरीसकट तिच्यावर ओढून घेतलं.

"उठायचं नाही," तो म्हणाला. "मानही उचलायची नाही."

"बाबा, निदान चूळ तरी भरू द्या."

"झोपूनच भर."

लष्करी प्रबोधिनीच्या दारावर तिची ही तिसरी धडक, आणि वयाच्या अटीमुळे शेवटची. पहिल्या वर्षी ती लेखी परीक्षेत गळली, दुसऱ्या वर्षी मुलाखतीत. तिच्याच वह्या वाचून परीक्षेला बसलेली मैत्रीण मात्र आत गेली. तिथे कुणाला का घेतात आणि कुणाला का वगळतात, हे ब्रह्मदेवालाही विचारून उपयोग नव्हता. यंदा सगळं जमलं, तर वैद्यकीय तपासणीत उंची अर्धा सेंटिमीटर कमी भरली. आज दहाला फेरतपासणी.

पंधरा दिवस सुतार दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने खुणा करत होता. अंथरुणातून उठल्या उठल्या पोरगी पास, न्याहारी होईस्तोवर नापास. लाकूड दमट हवेत फुगतं, तसं माणूस झोपेत लांबतं, हे त्याने ताडलं. आणि रस्ता होता चार तासांचा.

मामाने टेंपो दारात लावला. "दाजी, पार्सलने सैन्यात जाणारी ही पहिलीच."

फळीवर पोरगी खुदखुदली. सुताराने दोरी आवळली.

मामाने गाडी अशी हाकली की दुधावरची साय हलू नये. वाटेत पोरगी बोटभर वाढली आणि टाचा फळीबाहेर आल्या, असं तो पुढे शपथेवर सांगत असे. धूळ उडू लागली तशी सुताराने चादर तिच्या तोंडावर ओढली. तिला झोप लागली.

फाटकाशी पिकल्या मिशांच्या पहारेकऱ्याने आत डोकावलं. फळी, दोऱ्या, पांढरी चादर, उशाशी बाप. काही न विचारता त्याने टाचा जुळवल्या आणि सलाम केला.

मामाला हसू आवरेना. "अहो, जिवंत आहे ती. भरती व्हायला आलीय."

पहारेकऱ्याचा हात सावकाश खाली आला. "माफ करा," तो सुताराला म्हणाला. "या महिन्यात दोघं आले असे. इथेच शिकलेले."

चादरीखालून आवाज आला, "बाबा, पोचलो? उठू?"

सुतार गाठीशी झटत होता. गाठ त्यानेच मारलेली, पण सुटेना. समोरच्या इमारतीपर्यंत शंभर पावलं होती. आता ती उठून बसली असती, तरी कुणी त्याला दोष दिला नसता.

"बाबा?"

"पोचलो," तो म्हणाला. "हलू नकोस."

मग त्याने चादर तिच्या तोंडावरून तेवढी काढली.

तासाभराने पोरगी इमारतीतून धावतच बाहेर आली. "उंची पाव सेंटिमीटर जास्त भरली, बाबा. घेतलं मला."

परतताना ती मामाशेजारी ताठ बसली होती आणि बडबड थांबत नव्हती. मागे सुतार फळी उभी धरून होता. वाऱ्याने टेंपो एका अंगाला ओढला जात होता.

"दाजी, आडवी टाका की ती," मामा ओरडला.

"राहू दे," सुतार म्हणाला, आणि घर येईपर्यंत त्याने दोन्ही हातांनी ती तशीच उभी धरली.