परिषदेची रिकामी बरणी

आमच्या घरात मासा कधी शिजला नाही. वावरला मात्र मनसोक्त. बेंगळुरातल्या बसवनगुडीत "माशांच्या रावांचं घर कुठलं?" म्हणून कुणी विचारलं, की लोक सरळ आमच्या दाराकडे बोट दाखवायचे. आणि आम्ही कोण, तर पिढ्यान् पिढ्या कानडी मुलखात राहिलेले मराठी माध्व ब्राह्मण. चातुर्मासात कांद्याचा वासही उंबऱ्याच्या आत येत नसे. अशा घरात लग्न होऊन आले आणि माझ्या वाट्याला मासेवाला नवरा आला. नशीब म्हणतात ते हेच.

आमचे हे, म्हणजे हयवदनराव, सरकारी नोकरीत माशांचे तज्ज्ञ होते. त्यांनीच १९५३ साली मत्स्यजीवन परिषद सुरू केली. मासे कसे जगतात, कुठल्या पाण्यात काय खातात, कुणाला घाबरतात, यावर बोलायला देशभरातून माणसं बेंगळुरात जमायची. दर दोन वर्षांनी, डिसेंबरात, आमच्या घरामागच्या शाळेच्या सभागृहात. पहिल्या वर्षी सतरंजीवर बसणारी मंडळी होती. पुढे परदेशातून माणसं येऊ लागली, वर्तमानपत्रात फोटो येऊ लागले. जगात पुष्कळ परिषदा असतील, पण आमच्या परिषदेसारखा नियम दुसरीकडे नव्हता, आणि तो नियम माझ्या लोणच्याच्या बरणीतून निघाला होता.

झालं असं, की पहिल्याच वर्षी एक मद्रासचे आणि एक कलकत्त्याचे असे दोन विद्वान एका माशावरून हमरीतुमरीवर आले. एक म्हणे तो तळाशी राहतो, दुसरा म्हणे वर राहतो. ह्यांनी दोघांना विचारलं, "आपण तो जिवंत पाहिलाय का?" दोघांनीही नकारार्थी माना हलवल्या. मग हे सायकल काढून घरी आले, माझी लिंबाच्या लोणच्याची काचेची बरणी रिकामी केली, होन्नकेरे नावाच्या आमच्या जवळच्या तळ्यावर गेले आणि तो मासा बरणीत घालून सभागृहात हजर झाले. मासा तळाशीही नव्हता आणि वरही नव्हता, मध्येच तरंगत होता. तेव्हापासून नियम झाला: ज्या माशावर निबंध वाचायचा तो जिवंत आणून समोर ठेवायचा. मासा नाही तर निबंध नाही. आणि शेवटच्या संध्याकाळी ह्यांनी स्वतः प्रत्येक मासा त्याच्या त्याच्या पाण्यात परत सोडायचा. लांबून आलेल्यांना मात्र आपला मासा परत घेऊन जावं लागे. कलकत्त्याचा एक गृहस्थ बरणी मांडीवर घेऊन आगगाडीतून गेला होता.

ती बरणी मी पुन्हा घरात घेतली नाही, हे सांगायला नको.

ह्यांचं नाव झालं ते मात्र एका परक्या माशामुळे. ह्यांचा धाकटा भाऊ नरसिंह मलनाडात, म्हणजे घाटातल्या जंगलपट्ट्यात, नोकरीला गेला आणि हिवतापाने गेला. हे तेव्हा तरुण होते. डासांच्या अळ्या खाणारा एक छोटा मासा परदेशातून आपल्याकडे आला होता. ह्यांनी तो ध्यास घेतल्यासारखा तळ्यातळ्यांतून, विहिरीविहिरींतून सोडला. गावोगावचे लोक ह्यांना हार घालायचे. एकच विहीर राहिली, ती आमच्या परसातली.

कारण ती विहीर माझी होती. तिचं पाणी देवाच्या अभिषेकाचं, सोवळ्याचं, आमच्या बोलीत मडीचं. हे एके सकाळी डबा घेऊन विहिरीशी आले तेव्हा मी काठावर आडवी उभी राहिले.

"परका मासा माझ्या विहिरीत नको," मी म्हटलं.

"राजलक्ष्मी, नरसिंह गेला तो डासांमुळेच."

"इथं कुठाय डास? दाखवा एक."

हे निघून गेले. चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मीही हट्टी. वर आणखी एक कायदा केला: मासे हाताळणाऱ्या हाताने विहिरीला शिवायचं नाही. पुढे आमची एकुलती एक वसुमती प्राणिशास्त्र शिकली, मुलींच्या कॉलेजात शिकवायला लागली, तोच कायदा तिलाही लागू झाला. घरात दोन दोन मत्स्यतज्ज्ञ, आणि परसातल्या विहिरीत डोकावायची दोघांनाही बंदी. रोज सकाळी मी नैवेद्याची चार शितं विहिरीत टाकायची, खाली काहीतरी चमकून वर यायचं, शितं गिळून जायचं. ते जीव मी माशांत धरत नसे. मासे ह्यांचे, विहिरीतले ते देवाचे.

१९६३ ची परिषद आली. दहा वर्षं झाली म्हणून ह्यांचा सत्कार ठरला होता. चिटणीस होते देवाप्पा, बेळगावकडचे प्राध्यापक, ह्यांचेच विद्यार्थी. मोठ्या मनाचा माणूस, पण नियमाच्या बाबतीत गुरूपेक्षा कडक. सत्काराच्या टेबलावर ह्यांचा तो परका मासा बरणीत ठेवून तिला शेवंतीची माळ घालायची, असं त्यांनीच ठरवलं होतं.

परिषदेच्या आदल्या दुपारी वसुमती स्वयंपाकघराच्या दारात आली. आत यायची नाही, तेवढी शिस्त होती.

"अम्मा, एक काचेची बरणी दे ना."

"मासा कुठला आणलायस?"

"आणला नाही. मिळालाच नाही. माझा निबंध त्यावरच आहे."

मला काही कळेना. मग तिने सांगितलं. होन्नकेरेत पूर्वी एक छोटा मासा असायचा, आपला, इथलाच. आता तो राहिला नव्हता. बाहेरून सोडलेल्या माशाने त्याची पिल्लं खाऊन टाकली होती.

"बाहेरून सोडलेला, म्हणजे तुझ्या अण्णांनी सोडलेला?"

"होय."

"आणि हे तू उद्या त्यांच्या सत्कारादिवशी वाचणार?"

"माझा दिवस देवाप्पा सरांनी लावला, अम्मा, मी नाही. अण्णांना सांगायला कितीदा गेले. ते नरसिंहकाकांच्या फोटोखाली बसलेले असतात. तोंडातून शब्द फुटत नाही."

माझा संताप झाला. कुणावर, ते मलाही सांगता आलं नसतं. एकीकडे नवरा, ज्याच्या आयुष्यात तेवढी एक गोष्ट ताठ मानेने मिरवण्यासारखी. दुसरीकडे मुलगी, जी खोटं बोलायला शिकलीच नाही, आणि तेही त्याच्याकडूनच. ती त्या माशाचं रूपरंग सांगू लागली, तेव्हा मी कानावर हात ठेवले. "माशाचं वर्णन माझ्या स्वयंपाकघरात नको," म्हटलं, आणि बरणी दणकन उंबऱ्यावर ठेवली. लोणच्याच्या बरणीची जोडीदारीण होती ती.

दर परिषदेला मी मागच्या ओसरीत कॉफी-उप्पिटाच्या मांडणीवर असायची. टेबलावरच्या बरण्यांकडे ढुंकूनही बघायची नाही. त्या दिवशी मात्र शेजारच्या कावेरीच्या हाती कॉफीचं भांडं सोपवलं आणि सभागृहात शेवटच्या रांगेत जाऊन बसले.

लांब टेबलावर पांढरी चादर, तिच्यावर रांगेने बरण्या. मधोमध माळ घातलेली ह्यांची बरणी. वसुमतीचं नाव पुकारलं गेलं. तिने आपली बरणी समोर ठेवली. आत नुसतं पाणी, आणि पाणवनस्पतीची एक काडी.

कुणीतरी हसलं. देवाप्पा उठले, वाकून बरणीत बघितलं, चष्मा पुसून पुन्हा बघितलं.

"वसुमती, मासा कुठं हाय ह्यात?"

"नाही, सर."

"मग निबंध कसा वाचायचा? नियम म्हंजे नियम. उद्या मीच ऐकलो नाही तर कोण ऐकणार? तुमच्याच वडिलांनी घातलाय."

ती उभीच राहिली. कान लाल झाले होते, लहानपणी व्हायचे तसे. सगळे ह्यांच्याकडे बघायला लागले. हे सत्काराच्या खुर्चीतून उठले, खांद्यावरची नवी शाल सावरत तिच्या टेबलाशी आले. बरणी उचलून उजेडाकडे धरली.

"कुठलं पाणी?"

"होन्नकेरेचं."

"जाळं टाकलंस?"

"दर रविवारी, अण्णा. दोन वर्षं. फक्त तुमचे मासे येतात."

तुमचे, हा शब्द तिला नको होता, तो निसटला. ह्यांनी बरणी खाली ठेवली. मग हळूच विचारलं, "त्यांची पोटं फाडून बघितलीस?"

"बघितली. गेल्या वर्षी त्यांत आपल्या माशाची पिल्लं सापडायची. यंदा तीही सापडत नाहीत."

मला वाटलं, आता हे बसतील, आणि पुन्हा उठायचे नाहीत. उठून जाऊन त्यांचा हात धरावासा वाटला. पण ह्यांनी काय केलं, तर आपल्या बरणीवरची शेवंतीची माळ काढली आणि त्या रिकाम्या बरणीला घातली.

"देवाप्पा," हे म्हणाले, "आपण नियम केला तेव्हा मासा निघून जाऊ शकतो हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. चूक माझी. तिला वाचू द्या. आणि मी समोर बसून ऐकणार आहे."

शाल काढून त्यांनी खुर्चीवर ठेवली आणि पहिल्या रांगेत, श्रोत्यांत जाऊन बसले. लग्नाला तीसेक वर्षं झाली होती, पण हा माणूस आपला आहे याचा एवढा अभिमान मला त्याआधी कधी वाटला नव्हता. देवाप्पांनी डोळे पुसले आणि म्हणाले, "सरी, ठीक हाय. वाचा, वसुमती."

ती इंग्रजीत वाचत होती, मला त्यातलं काही कळलं नाही. मग ती फळ्याकडे वळली आणि खडूने मासा काढला, हातभर लांब. चपटं डोकं. मागे सरकलेला पर. आणि शेवटी डोक्यावर, कपाळावर कुंकू लावावं तसा, खडू दाबून एक पांढरा शुभ्र ठिपका. "लहानपणी मी ह्याला टिकली म्हणायची," ती म्हणाली, आणि हे तिने मराठीत म्हटलं.

मी ताडकन उठले. बायकांना वाटलं, कॉफी उतू गेली.

घरी येईपर्यंत पदर कुठे आणि मी कुठे. विहिरीशी आले, नैवेद्याची शितं टाकली आणि जन्मात पहिल्यांदा वाकून नीट बघितलं. खालून ते चमकत वर आले. प्रत्येकाच्या डोक्यावर चांदीचा ठिपका. इतकी वर्षं मी त्यांना जेवायला घालत होते आणि त्यांच्या तोंडाकडे एकदाही बघितलं नव्हतं. अभिषेकाच्या पाण्याची घागर ती. तिनेच मी त्यांना धरायला लागले. दोनदा नुसतं पाणी आलं. तिसऱ्यांदा दोन आले. बरणी कुठली आणायची? उरलेल्या एका बरणीत आवळ्याचा मुरंबा होता. तो पातेल्यात उपसला आणि बरणी धुतली.

मी सभागृहात शिरले तेव्हा चर्चा चालू होती. कलकत्त्याचे एक गृहस्थ उभे राहून म्हणत होते, वसुमतीने मला ते मागाहून सांगितलं, की परक्या माशामुळेच हे झालं कशावरून? तळ्याचं पाणी बिघडलं असेल. त्याचा पडताळा घ्यायला वसुमतीला दुसरं पाणी हवं होतं. परका मासा कधी गेलाच नाही असं पाणी तिला सापडलं नव्हतं.

राजलक्ष्मीबाई बरणीत मासे घेऊन मधल्या वाटेने चालत येताहेत, हे बघून बसवनगुडीच्या बायकांनी तोंडावर पदर घेतले. घेऊ देत. मी माळ घातलेल्या रिकाम्या बरणीशेजारी माझी बरणी ठेवली.

"आमच्या विहिरीतले," मी म्हटलं. "तिथं ह्यांचा मासा मी कधी जाऊ दिला नाही. पाणी त्याच होन्नकेरेच्या झऱ्याचं."

वसुमती बरणीवर वाकली. तिचं नाक काचेला टेकलं. देवाप्पांनी मला विचारलं, "अक्का, त्या विहिरीत डासांच्या अळ्या?"

"एकही नाही. कधीच नव्हती."

कलकत्त्याचे गृहस्थ खाली बसले, आणि बसल्या बसल्या त्यांनीच पहिल्यांदा टाळ्या वाजवल्या. मग सगळं सभागृह वाजू लागलं. माझ्या मुलीसाठी वाजत होतं. मला शहाणपणाचं श्रेय नको. मी केला तो निव्वळ हट्ट. पण त्या टाळ्या ऐकून माझी मान जी ताठ झाली, ती अजून खाली आलेली नाही.

हे मात्र टाळ्या वाजवत नव्हते. ते बरणीजवळ आले आणि त्या दोन जिवांवर वाकले. "हेही अळ्या खात होते," एवढंच म्हणाले. नरसिंहाची आठवण आली असणार, मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं.

त्यानंतरच्या प्रत्येक परिषदेत पहिल्यांदा ती रिकामी बरणी मांडली जाते, आणि तिच्यापुढे सगळे उभे राहतात. देवाप्पांनी तसा नियमच करून टाकला. पण मला आठवते ती त्या वर्षीची शेवटची संध्याकाळ. ह्यांनी रिवाजाप्रमाणे सगळे मासे आपापल्या पाण्यात सोडले. स्वतःच्या परक्या माशाची बरणी मात्र तशीच शाळेत ठेवली. सर्वांत शेवटी मुरंब्याची बरणी दोन्ही हातांत धरून आमच्या परसात आले. मागे वसुमती.

विहिरीच्या काठापासून दोन हातांवर दोघेही थांबले. इतक्या वर्षांची सवय. हे माझ्याकडे बघत राहिले, एखाद्या देवळाच्या दाराशी उभं राहावं तसे.

"शिवू का?" त्यांनी विचारलं.

मी बाजूला झाले. "शिवा," म्हटलं. "आणि तिलाही जवळ घ्या. तिला इथून नीट दिसत नाही."