उधाणाची संध्याकाळ

शॅननला गोचीड चावली ती परदेशात, एका म्हाताऱ्या बाईची देखभाल करताना, तिच्या बागेत. गोचिडीतून होणाऱ्या लाइम रोगाचा ताप औषधांनी उतरला, पण दुखणं तिच्यासोबत समुद्रकाठच्या तारोडी गावाला, घरी आलं. पौर्णिमा जवळ आली की गुडघे ठणकायचे, कातडीखाली किडे वळवळल्यासारखं वाटायचं. तपासणीत जंत काही निघत नव्हते. डॉक्टर म्हणाले, चंद्राचा यात काही संबंध नाही.

त्या पौर्णिमेला संध्याकाळी ती ओट्यावर बसली होती. उधाणाचं पाणी होड्यांपर्यंत चढलं होतं, आणि अंगातही तसंच काहीतरी हळूहळू चढतंय असं तिला वाटत होतं. घरातून एल्सामावशीने कोमट पाण्याचा टब आणून तिचे पाय त्यात सोडले.

"मावशी, हे सगळे माझ्या मनाचे खेळ आहेत का गं?"

"त्ये न्हाय म्हाईत," मावशी म्हणाली. "दुखतं ना? मग हाय."

आणि तिने आपलेही पाय त्याच टबात घातले. माडांमागून तांबूस चंद्र वर आला. वळवळ थांबली नाही, पण लांबच्या लाटांसारखी मंद होत गेली. मावशीच्या खांद्यावर शॅननला डुलकी लागली. पाणी गार झालं तरी मावशी हलली नाही.