राखेतली हाक

नीरजानं डोक्यावरचे हेडफोन काढले आणि श्रीनिवास सरांच्या कानांवर चढवले.

"ऐका. आजच आलंय."

वारज्यातल्या तिच्या फ्लॅटमध्ये दोन वर्षं दक्षिण समुद्रातल्या ज्वालामुखी बेटांवर यंत्रांनी टिपलेले आवाज येत होते. तिथल्या मऊ राखेत बिळं करणाऱ्या एका समुद्रपाखराची हाक त्यांत शोधणं, हे तिचं काम. सापडत होता नुसता वारा. सीलच्या कातड्यांसाठी आलेल्या जहाजांनी कधीकाळी तिथं उंदीर उतरवले. माणसं कातडी घेऊन गेली, उंदीर राहिले आणि त्यांनी पिल्लं जिवंतपणी कुरतडली. माणूस जाईल तिथं वाटोळंच करून येतो. या महिन्यात हाक मिळाली नसती, तर पाखरू संपल्याचं जाहीर होणार होतं.

सरांचे डोळे भरले. तरुणपणी त्या बेटावर पावसात बसून ही हाक पहिल्यांदा त्यांनीच टेप केली होती.

"आहे गं, जिवंत आहे! पेढे आणतो."

"मला की पाखराला?"

नीरजाचा जीव भांड्यात पडला होता. सर दारात बूट चढवत होते, तेवढ्यात तिनं हेडफोन लावून हाक पुन्हा ऐकली. मग पुढची, तिच्या पुढची. प्रत्येक हाकेच्या शेवटी तीच बारीक सळसळ होती.

पाखरं परत यावीत म्हणून यंदा बेटावर गेलेल्या मोहिमेनं तिथं सौरऊर्जेचा भोंगा लावून सरांची जुनी टेप वाजवली होती. डोंगर धुमसू लागला, तशी मोहिमेतली माणसं घाईघाईनं बोटीत बसली. भोंगा बंद करून आलो, असं त्यांनी छातीठोकपणे सांगितलं होतं.

"सर, बूट काढा."

"का गं?"

तिनं हेडफोन पुढे केले. "शेवटपर्यंत ऐका."

सरांनी ऐकलं. त्यांचा हात नकळत स्वतःच्या बाहीवर गेला.

"माझा रेनकोट," ते म्हणाले.

नीरजाला रडू आवरेना.

"आता तो भोंगा बंद कोण करणार?"

"बोट पुढच्या वर्षी जाणार, सर."

हेडफोनमध्ये हाक पुन्हा सुरू झाली. सळसळ झाली, ती संपली. सर श्वास रोखून खुर्चीच्या कडेला बसले आणि पुढच्या वाऱ्यात उत्तर येतंय का, ते ऐकू लागले.